हृदयाची झडप आणि खिशातील भ्रमणध्वनी

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



२८ फेब्रुवारी आला की सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे स्मरण होते आणि ते व्हायलाच हवे. १९२८ सालच्या त्यांच्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस देशभर पाळला जातो. रामन यांच्याविषयी आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे. म्हणून आज मी दोन वस्तूंविषयी बोलणार आहे. त्यातील एक साधारणपणे रुपयाच्या नाण्याएवढी असून ती आपल्यापैकी कोणी पाहिली असण्याची शक्यता कमी. दुसरी प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये आहे आणि सभा सुरू होण्यापूर्वी संयोजकांनी ती बंद करण्याची विनंती केली आहे. या दोन्हींच्या घडणीत आपल्या माणसांचा मोठा वाटा आहे. मात्र पहिली वस्तू आपल्या देशात घडली, दुसरीमागील कल्पना परदेशात नोंदली गेली. असे का झाले, हा आजचा प्रश्न.

प्रथम झडपेविषयी. लहान मुलांचा घसा दुखतो, ताप येतो, दोन दिवसांत उतरतो. आई मिठाच्या गुळण्या करायला लावते आणि विषय संपतो. परंतु काही मुलांमध्ये या विशिष्ट जंतुसंसर्गाची प्रतिक्रिया म्हणून काही आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा होते. यालाच ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांधे बरे होतात, झडप मात्र हळूहळू जाड होते, आक्रसते, गळू लागते. वीस-पंचविशीत आलेल्या तरुणाला जिना चढताना धाप लागते. एखादी सून बाळंतपणात अत्यवस्थ होते, तेव्हा घरच्यांना प्रथम कळते की हिचे हृदय लहानपणीच दुखावलेले होते. दाटीवाटीची वस्ती आणि वेळेवर न मिळालेले पेनिसिलिन ही या आजाराची खरी मुळे. संपन्न देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला. आपल्याकडे तो राहिला आणि नेमका कमावत्या वयाच्या, गरीब घरातल्या माणसांना गाठत राहिला.

झडप पूर्ण निकामी झाली की ती काढून कृत्रिम झडप बसवणे हा उपाय. १९७० च्या दशकात अशी झडप परदेशातूनच आणावी लागे. शस्त्रक्रिया करणारे निष्णात हात आपल्याकडे होते. पण झडपेची किंमत ऐकूनच रुग्णाचे नातेवाईक गप्प होत.

डॉ. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन हे १९३४ साली केरळातील मावेलिक्करा येथे जन्मलेले शल्यचिकित्सक. इंग्लंड आणि अमेरिकेत त्यांनी हृदयशस्त्रक्रियेचे उच्च शिक्षण घेतले. जगात सर्वप्रथम कृत्रिम झडप मानवी शरीरात बसवणाऱ्या डॉ. चार्ल्स हफनेगल यांच्या सहवासात त्यांनी काम केले होते. १९७४ मध्ये ते तिरुवनंतपुरमला आले. त्रावणकोरच्या राजघराण्याच्या दातृत्वातून तेथे एक वैद्यकीय केंद्र उभे राहत होते. त्याच राजघराण्याने पूजप्पुरा येथील आपला सॅटेलमंड राजवाडाही संशोधनासाठी दिला. १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने या केंद्राला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. हीच आजची श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्था.

नावातला 'व तंत्रज्ञान' हा भाग महत्त्वाचा आहे. ही संस्था आरोग्य खात्याकडे गेली नाही, विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे गेली. रुग्णालय आणि अभियांत्रिकीची प्रयोगशाळा एकाच छत्राखाली, एकाच संचालकाच्या हाताखाली, हा प्रयोग आपल्या देशात नवा होता. आपल्याकडे विद्येच्याही जाती असतात, हे मी शिक्षकी पेशातला माणूस म्हणून सांगतो. डॉक्टर अभियंत्याला यंत्र दुरुस्त करणारा समजतो. अभियंता डॉक्टरला गणित न येणारा समजतो. आणि दोघेही धातुशास्त्रज्ञाला चहालाही बोलावत नाहीत. राजवाड्यात मात्र हे सारे एका टेबलाभोवती बसले. झडपेच्या आरेखनाची मुख्य जबाबदारी जी. एस. भुवनेश्वर या अभियंत्याने वाहिली.

काम केवढे अवघड होते, त्याचा हिशेब आपल्यासमोर मांडतो. हृदय मिनिटाला सत्तर वेळा धडधडते असे धरले, तर दिवसाला १ लाख ८०० ठोके होतात. वर्षाला सुमारे ३ कोटी ६८ लाख. म्हणजे दहा वर्षांत झडप जवळजवळ ३७ कोटी वेळा उघडली आणि मिटली पाहिजे. ती झिजता कामा नये, तिला तडा जाता कामा नये, तिच्यावर रक्त गोठता कामा नये, आणि रक्तातल्या पेशी तिने चिरडता कामा नयेत. दाराची बिजागरी दिवसातून वीस वेळा हलते आणि तीन-चार वर्षांत कुरकुरू लागते, हे आपण घरोघरी पाहतो. येथे वंगण घालायला कोणी जाऊ शकत नाही.

चित्रा संस्थेने एक प्रारूप तयार केले, ते कसोटीत उतरले नाही. दुसरे केले, तेही नाही. तिसरेही बाद झाले. टायटॅनियम वापरून पाहिले, कृत्रिम नीलमण्याची तबकडी वापरून पाहिली. प्रत्येक वेळी यंत्रावर लक्षावधी वेळा उघडझाप करून, प्राण्यांमध्ये बसवून, झीज मोजून निर्णय घेतला गेला आणि प्रत्येक वेळी तो नकाराचा होता. काम सुरू होऊन वर्षे लोटली होती. शासनाचा पैसा खर्च होत होता. 'बाहेर तयार मिळते ते येथे कशाला करता?' असे विचारणाऱ्यांची आपल्या देशात कधीच वाण नसते.

मित्रहो, याच काळात जगात काय घडत होते तेही पाहा. एका अतिशय नामांकित परदेशी झडपेची सुधारित आवृत्ती १९७९ पासून बाजारात आली होती. सुमारे ८६ हजार रुग्णांमध्ये ती बसवली गेली. तिच्यातील तबकडी धरून ठेवणारी एक बारीक तार जोडकामाच्या, म्हणजे वेल्डिंगच्या जागी तुटू लागली. तार तुटली की तबकडी निसटते आणि बहुतेकदा रुग्ण दगावतो. अशा शेकडो घटना घडल्या. १९८६ मध्ये ती झडप बाजारातून मागे घेण्यात आली. ज्यांच्या छातीत ती आधीच होती, त्या हजारो माणसांना रात्री झोप कशी लागली असेल, याची कल्पना करा.

या पार्श्वभूमीवर चित्रा झडपेचे चौथे प्रारूप पाहिले पाहिजे. तिचा सांगाडा कोबाल्टच्या मिश्रधातूच्या एकाच अखंड तुकड्यातून कोरून काढला आहे. त्यात कोठेही जोड नाही. जेथे जोडच नाही, तेथे जोड तुटण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आत उघडझाप करणारी तबकडी एका विशेष घट्ट प्रकारच्या पॉलिथिनची आहे. प्लास्टिक धातूवर आदळते म्हणून आवाजही सौम्य होतो. धातूच्या वा कार्बनच्या झडपेची टिकटिक काही रुग्णांना रात्री अस्वस्थ करते, तेवढा त्रास येथे कमी. भोवतीचे टाके घालण्याचे कडे पॉलिएस्टरच्या कापडाचे. ही झडप यंत्रावरच्या कसोटीतून पार पडली, मेंढ्यांवरील प्रयोगांतून पार पडली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम माणसाच्या हृदयात बसवली गेली. त्यानंतरही लगेच विक्री सुरू झाली नाही. देशातील सहा केंद्रांत तीनशेहून अधिक रुग्णांवर काही वर्षे अभ्यास झाला आणि मगच टीटीके उद्योगसमूहाने तिचे उत्पादन बाजारात आणले. आज एक लाखाहून अधिक माणसांच्या हृदयात ही झडप बसवली गेली आहे आणि ती परदेशी झडपेच्या किमतीच्या काही अंशात मिळते. त्याच संस्थेने विकसित केलेली रक्ताची पिशवीही अशीच उद्योगाकडे गेली आणि त्यातून केरळात फार मोठे उत्पादन उभे राहिले. रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांच्या हातून तशा पिशव्या कितीदा तरी गेल्या असतील.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण ही सभा आपल्या माणसांची आहे. स्वदेशीचा आग्रह आपण धरतो. परंतु पहिल्या प्रारूपावर 'स्वदेशी' असा शिक्का मारून ते रुग्णांना बसवले असते, तर आपण आपल्याच माणसांचा घात केला असता. वलियाथन आणि त्यांचे सहकारी तीनदा 'नाही' म्हणाले, म्हणून चौथ्या वेळचे 'हो' विश्वासार्ह ठरले. संस्थेने आणि शासनाने त्यांना ते तीन नकार परवडू दिले, याचे श्रेय तितकेच मोठे.

आता दुसऱ्या वस्तूकडे वळतो.

आरोग्यस्वामी पॉलराज हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? १९४४ मध्ये तामिळनाडूत पोल्लाची येथे जन्मलेला हा मुलगा किशोरवयातच आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आला आणि पुढे लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला. नौदलाने त्याला दिल्लीच्या आयआयटीत धाडले. तेथे प्रा. इंदिरेसन यांनी त्याची बुद्धी ओळखली, नौदलाकडे शब्द टाकला आणि हा अधिकारी गणवेशातच डॉक्टरेटच्या कामाला लागला.

तेवढ्यात १९७१ चे युद्ध आले. ९ डिसेंबरच्या रात्री अरबी समुद्रात, दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पाणबुडीचा वेध घेणारे सोनार तोकडे पडते, ही जाणीव नौदलाला जिव्हारी लागली. ते सुधारण्याचे काम पॉलराज यांच्याकडे आले. पुढे कोची येथील नौदलाच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सोह' हे संपूर्ण भारतीय सोनार तयार झाले. १९८० च्या दशकात ते मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या गोदावरी वर्गाच्या युद्धनौकांवर बसले.

सोनारचे तत्त्व समजून घेऊ, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. लग्नाच्या पंगतीत दोनशे माणसे एकदम बोलत असतात. तरी डावीकडे बसलेले काका आणि उजवीकडची मावशी काय म्हणतात, ते आपण वेगळे काढू शकतो. कारण आपल्याला दोन कान आहेत आणि प्रत्येक आवाज दोन्ही कानांपर्यंत किंचित वेगळ्या रीतीने पोहोचतो. सोनारला असे पुष्कळ कान असतात. पाण्याखालच्या कोलाहलातून पाणबुडीचा आवाज नेमका वेगळा काढण्याचे गणित हेच सोनारच्या अभियंत्याचे शास्त्र.

पॉलराज १९९१ मध्ये कमोडोर या पदावरून नौदलातून निवृत्त झाले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे प्रा. थॉमस कैलाथ होते. हेही आपल्या पुण्याचेच. १९३५ साली पुण्यात जन्मलेले, १९५६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले. १९९२ मध्ये पॉलराज बिनतारी लहरींवर काम करीत होते. एकाच वारंवारतेवर, एकमेकांच्या जवळ असलेल्या दोन ठिकाणांहून निघालेले संदेश वेगळे काढणे अशक्यप्राय मानले जाई. त्यांना आढळले की भोवती इमारती, भिंती, झाडे असतील आणि लहरी त्यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येत असतील, तर ते संदेश चक्क सोपेपणाने वेगळे होतात. आजवर अभियंते ज्या परावर्तनाला शिव्या देत होते, तेच उपयोगी पडत होते. मग एकाच फोनवर, एकाच मनोऱ्यावर अनेक अँटेना लावून, त्याच वारंवारतेतून एकाच वेळी अनेक संदेशप्रवाह का पाठवू नयेत? ही कल्पना 'मायमो' या नावाने ओळखली जाते. पॉलराज आणि कैलाथ यांच्या नावे तिचे अमेरिकी पेटंट १९९४ मध्ये नोंदले गेले.

अनेक तज्ज्ञांनी प्रारंभी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. पॉलराज यांनी १९९८ मध्ये स्वतः कंपनी काढून ती चालवून दाखवली. ती कंपनी २००३ मध्ये इंटेलने घेतली. आज घरातील वायफाय, ४ जी, ५ जी यांपैकी काहीही या कल्पनेवाचून चालत नाही. २०१० मध्ये भारत सरकारने पॉलराज यांना पद्मभूषण दिले आणि २०१४ मध्ये बिनतारी संदेशवहनातील अत्युच्च असा मार्कोनी पुरस्कार त्यांना मिळाला.

आणि या गणिताची सोयरीक पुन्हा रुग्णालयाशी जुळते. एमआरआयच्या यंत्रात डोक्याभोवती अनेक ग्राहक वेटोळी लावतात. प्रत्येक वेटोळे मेंदूचे चित्र थोड्या वेगळ्या कोनातून 'ऐकते'. या फरकाचा उपयोग करून कमी वेळात पूर्ण चित्र उलगडण्याची रीत १९९९ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी मांडली. तिची आणि मायमोची जातकुळी एकच. त्या नळकांड्यात दहा मिनिटे कमी पडून राहावे लागते, याचे मोल ज्याने भोगले आहे त्याला विचारा.

नौदलाने घडवलेला, सोनारवर तावून सुलाखून निघालेला हा माणूस ही कल्पना येथे का मांडू शकला नाही? त्यांच्या जाण्याला दोष देणे मला पटत नाही. आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी देशाच्या संरक्षणासाठी झिजवली होती. प्रश्न जागेचा आहे. श्री चित्रा संस्थेत शल्यचिकित्सक आणि अभियंता यांना एकत्र बसायला कायद्याने दिलेले घर होते, दशकाहून अधिक काळ होता, आणि शेवटी माल बनवणारा उद्योजक होता. बिनतारी संशोधनासाठी, विद्यापीठात मुक्तपणे शिकवत, विद्यार्थ्यांसोबत कल्पना पारखत, पेटंट घेत आणि कंपनी काढत काम करण्याची तशी जागा त्या काळी आपल्याकडे फारशी नव्हती. २०२०-२१ मध्ये आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करीत होता. चीन दोन टक्क्यांहून अधिक, दक्षिण कोरिया चार टक्क्यांहून अधिक. २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु आपला खासगी उद्योग जोपर्यंत तयार तंत्रज्ञान विकत घेण्यातच धन्यता मानतो, तोपर्यंत केवळ शासकीय तरतुदीने हे अंतर भरून निघेल असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, विषयांच्या भिंती पाडणे हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. त्यांनी आचार्य जगदीशचंद्र बसू आठवावेत. १८९५ मध्ये कोलकात्यात त्यांनी बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. ज्या मिलिमीटर लहरींवर त्यांनी काम केले, त्या ५ जीमध्ये आज पुन्हा उपयोगात येत आहेत. पुढे तेच बसू वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले, त्यासाठी लागणारी नाजूक उपकरणे स्वतः बनवून घेतली आणि १९१७ मध्ये आपली संस्था स्थापन केली. पेटंट घेण्याची त्यांना नावड होती. भगिनी निवेदिता आणि श्रीमती सारा बुल यांच्या आग्रहामुळे एक अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये नोंदले गेले. त्यांच्या निरिच्छपणाबद्दल मला आदर आहे. आजच्या तरुण संशोधकाने मात्र याबाबतीत निवेदितांचे ऐकावे.

वलियाथन यांच्या उत्तरायुष्याचाही उल्लेख केला पाहिजे. निवृत्तीनंतर ते आयुर्वेदाच्या अभ्यासाकडे वळले. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्यावर त्यांचे तीन ग्रंथ २००३, २००७ आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आयुर्वेदातील संकल्पना आधुनिक जीवशास्त्राच्या कसोटीवर तपासण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला. त्यात काशी हिंदू विद्यापीठातील प्रा. सुभाष लखोटिया यांनी आमलकी रसायन आणि रससिंदूर यांचे परिणाम फळमाशीवर तपासले. ते निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुश्रुताचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. वलियाथन स्वतः शल्यचिकित्सक असल्याने त्यांना तो आपल्यापेक्षा अधिकच असेल. पण झडपेला लावलेली कठोर कसोटीच त्यांनी आपल्या परंपरेलाही लावली, यात मला त्या अभिमानाचे खरे रूप दिसते. १७ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. आपल्या वृत्तपत्रांनी त्यांना दिलेली जागा मला फार थोडी वाटली.

सभागृहात अभियांत्रिकीचे बरेच विद्यार्थी दिसत आहेत. त्यांच्यासाठी एक अपुरे राहिलेले काम सांगतो.

धातूची झडप बसवलेल्या माणसाला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू होतो. जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून साधारण महिन्याला रक्ताची तपासणी करून मात्रा ठरवावी लागते. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्या आहारात एकदम वाढल्या किंवा बंद झाल्या तरी मात्रेचे गणित बिघडते. आपल्याकडे या आजाराच्या रुग्णांत तरुण स्त्रिया पुष्कळ आहेत आणि गरोदरपणात हीच गोळी गर्भाला अपाय करू शकते. त्या काळात तपासणी अधिक वेळा लागते. आता नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरच्या मुलीचा विचार करा. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, झडप उत्तम बसली. पण तपासणीसाठी दर महिन्याला मजुरी बुडवून, एसटी बदलून जिल्ह्याच्या गावी जायचे, दिवस मोडायचा, अहवाल दुसऱ्या दिवशी घ्यायचा. दोन-तीन महिने ती जाते. मग जाणे चुकते.

बोट टोचून एका थेंबात ही तपासणी करणारी छोटी यंत्रे जगात आहेत. पण प्रत्येक वेळी लागणारी पट्टी त्या घराला परवडणारी नाही. स्वस्त आणि खात्रीची पट्टी हवी. आशा कार्यकर्तीला पाड्यावरच वापरता येईल असे यंत्र हवे. तेथे फोनचे जाळे क्षीण असते, तरी आकडा शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांपर्यंत त्याच दिवशी पोहोचला पाहिजे आणि गोळीची नवी मात्रा मराठीत, गोंडीत, भिलीत ऐकू आली पाहिजे. यात रसायनशास्त्र आहे, वैद्यक आहे, बिनतारी संदेशवहन आहे, यंत्र अभियांत्रिकी आहे. एका शाखेच्या चार मुलांना ते जमणार नाही. अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून बाजारातून आणलेला तयार नमुना रंगवून सादर करण्याची आपल्या महाविद्यालयांतील पद्धत मला चांगली परिचयाची आहे; तसे करायचे असेल तर हा विषय घेऊ नका. यात पहिली दोन-तीन प्रारूपे फसणार हे गृहीत धरा.

पालकांनाही एक विनंती. असे काम हाती घेतलेल्या मुलाला वा मुलीला पहिल्याच वर्षी 'पॅकेज किती?' असे विचारू नये. सभागृहात काही उद्योजक आहेत, हे अध्यक्ष महोदयांनी मला सांगितले आहे. दोन-तीन वर्षे एका लहान गटाचा खर्च उचलण्यास कोणी तयार असेल, तर रुग्णालय आणि महाविद्यालय यांना एकत्र आणण्याची जबाबदारी मी घेतो. ज्या विद्यार्थ्यांना यात रस आहे, त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे आणि शाखा माझ्याकडे लिहून द्याव्यात.